मध्यंतराची जागा

हॉलिवूडच्या सिनेमाला मध्यंतर नसतं. ते आम्ही करतो. आम्ही म्हणजे केबिनमधली माणसं, जी तिकीट काढून आलेल्या कुणालाच कधी दिसत नाहीत. हिंदी सिनेमा लिहिणारा मध्यंतराची जागा धरूनच गोष्ट बांधतो. बंदूक रोखली जाते, नायिका वळून बघते, पडद्यावर अक्षरं येतात आणि हॉलमध्ये दिवे लागतात. परदेशी सिनेमा तसा बांधलेलाच नसतो, तो सलग बघायचा असतो. पण आपल्याकडे मधली दहा मिनिटं लागतातच. मुलांना बाहेर न्यायचं असतं, समोसा-चहा व्हायचा असतो आणि कँटीनवाल्याचं घर त्या दहा मिनिटांवर चालतं. त्यामुळे कुठेतरी थांबायला लागतं. ते कुठे, हे मी ठरवत असे. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या मर्जीवर सोडलेली अशी ही एवढी एकच गोष्ट होती.

मी झाशीचा. आमचं घराणं नेवाळकरांच्या सुभेदारीबरोबर इकडे आलं, असं आजी सांगायची. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली राणीसाहेबांचं लग्न लागलं, तिथेच आमच्या घरातल्या दोन पिढ्यांच्या मुंजी झाल्या. घरात मराठी, गल्लीत बुंदेली आणि कामावर हिंदी, असं आमचं आयुष्य गेलं. वडील रेल्वेच्या वॅगन कारखान्यात होते. मीही तिथेच चिकटावं अशी त्यांची इच्छा होती, पण मी १९८३ साली एका टॉकीजमध्ये हेल्पर म्हणून लागलो. घरी चार महिने कुणी माझ्याशी धड बोललं नाही.

काम शिकवलं उस्तादांनी. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. तेव्हा कार्बनचा जमाना होता. मशीनच्या पोटात दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, त्यांच्यातून वीज खेळवायची आणि जो पांढरा जाळ निघेल त्याच्या उजेडात सिनेमा दाखवायचा. कांड्या जळत जातात, म्हणून त्यांच्यातलं अंतर सतत सांभाळावं लागतं. जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडतो आणि खालून शिट्ट्या सुरू होतात. एक रीळ वीसेक मिनिटांचं. मशीन दोन. पहिल्यावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक टिकली चमकते, तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सातेक सेकंदांनी दुसरी टिकली दिसते, तेव्हा बदलायचं. बघणाऱ्याला कळता कामा नये. कळलं तर उस्ताद शो संपल्यावर थोबाडीत मारायचे. फिल्मचा जोड वाकडा लावला तरी तेच. एकदा त्यांनी टाकाऊ फिल्मची गुंडाळी माझ्यासमोर टाकली आणि रात्रीच्या शोनंतर वीस जोड लावून घेतले. एकोणीस बरोबर होते. विसावा त्यांनी बोटाने चाचपला, फाडला आणि पुन्हा लावायला सांगितला. मी एकोणीस वर्षांचा होतो. त्या रात्री घरी जाताना मी रडलो होतो, हे त्यांना मी कधी सांगितलं नाही.

एवढं सविस्तर सांगण्याचं कारण असं, की हॅरी पॉटरचे सिनेमे जगाने पाहिले तसे मी पाहिलेच नाहीत. मी ते भिंतीतल्या चौकोनी भोकातून, वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत पाहिले. एक डोळा पडद्याच्या कोपऱ्यावर आणि एक कान मशीनवर. पहिला सिनेमा १५२ मिनिटांचा. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावते, म्हणजे साडेतेरा हजार फुटांच्या वर. दुसरा १६१ मिनिटांचा, तो सगळ्यांत लांब. फिल्मच्या पत्र्याच्या पेट्या दिल्लीहून, चांदणी चौकातल्या भगीरथ पॅलेसमधून निघायच्या आणि गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून झाशीला उतरायच्या. हातगाडीवरून त्या टॉकीजच्या दारात आल्या की दोघांनी मिळून जिना चढवायच्या.

आमच्याकडे यायच्या त्या हिंदी डब केलेल्या प्रिंटा, त्याही मोठ्या शहरांतून फिरून आलेल्या. मालकांना वाटलं होतं, चश्मेवाल्या पोराचा सिनेमा दोन दिवस चालेल. पण पहिल्या रविवारच्या मॅटिनीला अख्खा सीपरी बाजार आपापल्या मोडा-मोडींना, म्हणजे पोरा-पोरींना, घेऊन दारात उभा होता. आमची झाशी रेल्वेचं गाव. इथल्या मुलांना इंजिन नवं नाही. तरी पडद्यावर लाल इंजिन धूर सोडत निघालं तेव्हा हॉलमध्ये जो आवाज उठला, तो मी तोवर फक्त बच्चनच्या एंट्रीला ऐकला होता.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला मी केबिनमध्ये स्टुलावर बसवायचो. नियमात बसत नव्हतं, पण बसवायचो. भोकं दोन होती, एक माझं, एक तिचं. पुढे ती पुस्तकं वाचायला लागली. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ती हिंदीत काढली होती आणि स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर मिळायची. डिमेंटरसाठी दमपिशाच हा शब्द मी तिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. हिंदीत ज्याने हे शब्द घडवले त्याच्याविषयी मला फार आदर आहे. इंग्रजी अक्षरं तशीच ठेवून देता आली असती, त्याने ती सोपी वाट घेतली नाही. पुण्याच्या आत्याने मग मराठी ‘हॅरी पॉटर आणि परीस’ पाठवलं. झाशीत जन्मलेल्या माझ्या मुलीचं मराठी वाचन श्लोक आणि आरत्यांच्या पुढे गेलं ते या पुस्तकामुळे.

२००४ चा तिसरा सिनेमा मात्र माझ्या मनात काट्यासारखा राहिला. प्रिंट आली तेव्हाच थकलेली होती. कडेची भोकं फाटलेली, जागोजाग जोड. तळ्याकाठचा प्रसंग चालू असताना फिल्म तुटली. त्या जागी दमपिशाच चहूबाजूंनी येतात आणि पलीकडच्या काठावरून कुणीतरी प्रकाशाचं हरीण सोडतं. हॅरीला वाटतं, आपले वडील आले. हॉलमध्ये अंधार, आरडाओरडा. मी खराब झालेला भाग कापला, जोड लावला, पुन्हा सुरू केलं. दोन मिनिटांच्या आत. उस्तादांनीही शाबासकी दिली असती असा जोड होता. पण कापलेला तुकडा तर गेलाच.

शो सुटल्यावर केबिनच्या जिन्यावर पावलं वाजली. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा, शाळेच्या पँटवर घरचा शर्ट, दारात उभा. म्हणाला, “अंकल, हरीणवाला हिस्सा कहाँ गया?” त्याने पुस्तक वाचलेलं होतं. काय असायला हवं होतं ते त्याला पाठ होतं. मी म्हटलं, फिल्म कट गई बेटा. तो म्हणाला, पण मी तेच बघायला आलो होतो.

मी कचऱ्याच्या डब्यातून तो तुकडा काढला. दीड हाताचा असेल. फुटाला सोळा चित्रं असतात. दिव्यासमोर धरून त्याला दाखवली, एकेक. काळं पाणी, पांढरा झोत, मग आणखी पांढरा. तो कितीतरी वेळ बघत राहिला. तुकडा मी त्याला देऊन टाकला. पण त्या आठवड्यात त्या जागी फिल्म आली की माझ्या पोटात खड्डा पडायचा. किती मुलं काय बघायला आली होती आणि मी त्यांना काय दाखवत होतो? पडद्यावर जे यायचं ते अख्खं यावं, हे उस्ताद थोबाडीत मारून का शिकवत होते, ते मला त्या मुलाने समजावलं.

२०१० मध्ये मशीनं निघाली. छतावर एक तबकडी बसली, केबिनमध्ये एक पेटी आली आणि सिनेमा आकाशातून उतरायला लागला. दिल्लीला लागला की त्याच शुक्रवारी झाशीला. पेट्या उचलणं संपलं, जोड लावणं संपलं, टिकलीही गेली. झाशीच्या मुलांना आता दुसऱ्यांनी वापरून झिजवलेला सिनेमा बघावा लागणार नव्हता, याचा मला मनापासून आनंद झाला. जुनी मशीनं भंगारात गेली त्या दिवशी मात्र मी कामावर गेलो नाही.

मग शेवटचा भाग आला. १५ जुलै २०११, शुक्रवार. आठवडाभर आधी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्याचा सोहळा झाला होता. टीव्हीवर दिसत होतं, हजारो पोरं रस्त्यावर मुक्काम ठोकून बसलेली, आणि मंचावरची मंडळीही रडत होती. मुलगी जेवता जेवता उठून आत गेली. अठरा वर्षांची झाली होती. पुण्याच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता आणि त्याच महिन्यात ती जाणार होती.

त्याच शुक्रवारी ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ लागत होता आणि पुढच्या शुक्रवारी ‘सिंघम’. त्यामुळे आम्हाला हॅरी पॉटर मिळाला तो मोजून एक आठवडा. रोजचे चार शो, एकूण अठ्ठावीस. योगायोग असा की त्या पहिल्या दिवशी गुरुपौर्णिमा होती. दरवर्षीप्रमाणे मी सकाळी नारळ आणि पेढे घेऊन उस्तादांकडे गेलो. त्यांची दृष्टी बरीच अधू झाली होती. मी पाया पडल्यावर त्यांनी विचारलं, आज क्या लगा है? मी सांगितलं. म्हटलं, चला ना माझ्याबरोबर. ते नाही म्हणतील असं वाटलं होतं. पण त्यांनी सुनेकडून धुतलेला कुर्ता मागवला.

मध्यंतराचा प्रश्न मी आदल्या रात्री सोडवला होता. शो लावून पाहताना लक्षात आलं, की आधीपासून ठेवलेली खूण हॅरीचे स्नेप मास्तर मरतात त्याच्या लगेच नंतर आहे. खुणा करणाऱ्याचंही चुकलं नव्हतं. तिथे लढाई थांबल्याची घोषणा होते, सगळं शांत होतं. हिशेबाने मध्यंतर तिथेच शोभतं. पण मरताना स्नेपच्या डोळ्यातून जे पाणी येतं, ते हॅरी कुपीत धरतो. त्या पाण्यात त्या माणसाच्या आठवणी आहेत. हॅरी त्या जाऊन बघतो आणि मग कळतं, की सात सिनेमे ज्याला आपण दुष्ट समजलो त्याने या पोराच्या आईवर आयुष्यभर प्रेम केलं आणि तिच्या पोराला जपलं. पाणी कुपीत उतरणं आणि ते उघडून बघणं यांच्यामध्ये समोसा येऊ द्यायचा? दहा वर्षं ज्याची वाट पाहिली त्याच्या ऐन तोंडावर दिवे लावायचे?

मुलीकडून मला गोष्ट ठाऊक होती. खूण अलीकडे आणली. खोलीत आग लागते, मुलं केरसुण्यांवर बसून त्यातून निसटतात आणि ज्या मुकुटाच्या मागे ती असतात त्याचा निकाल लागतो, तिथे. लोक धापा टाकत बाहेर जातील, चहा पितील आणि परत आले की पुढे शेवटपर्यंत कुणी मधे येणार नाही. मालकांना सांगितलं, पूर्वार्ध थोडा लहान होईल. ते म्हणाले, तुला समजतं त्यात मी पडत नाही. तीन दशकांत त्यांनी मला म्हटलेलं सगळ्यांत चांगलं वाक्य ते.

उस्तादांना जिना चढवायला डोअरकीपर चाचांनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. केबिनमध्ये ते आपल्या जुन्या जागी जाऊन उभे राहिले. तिथे आता काहीच नव्हतं. हात पुढे करून त्यांनी हवेत चाचपलं. मी बटण दाबलं, पडद्यावर चित्र आलं. थोडा वेळ ते ऐकत राहिले आणि मग विचारलं, “मशीन चालू है?” मी म्हटलं, चालू आहे उस्ताद, हिला आवाज नसतो. ते गप्प झाले. मग म्हणाले, तर मग इथे आपलं काय काम? चल, खाली बसू.

असं मी कधीच केलं नव्हतं. शो चालू असताना केबिन सोडायची नाही, हा पहिला धडा त्यांचाच. आज त्यांनीच तो सोडवला. हेल्पर पोराला पेटीपाशी बसवून आम्ही बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. पुढे दोन रांगा सोडून मुलगी होती, तिच्या मैत्रिणींबरोबर. आजूबाजूला सगळी तीच पोरं, २००२ मध्ये पहिल्या सिनेमाला आईच्या मांडीवर बसून आलेली. आता त्यांना मिसरूड फुटलं होतं, दुपट्टे आले होते. जिन्यावर आलेला तो मुलगा त्यांच्यात असेल का, म्हणून मी मध्यंतरात चेहरे पाहत फिरलो. असला तरी मला ओळखता येणार नव्हता.

उस्तादांना पडद्यावर रंग आणि हालचाल तेवढी दिसायची. संवाद ते ऐकत होते, बाकीचं मी कानात सांगत होतो. नौकाघर आलं. स्नेपने हॅरीला आपल्याकडे बघायला सांगितलं, कारण त्याचे डोळे आईचे आहेत, हे मी सांगितलं. मग आठवणी सुरू झाल्या आणि सांगायला मला सुचेना. खाली आठशे माणसांचा हॉल आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. वाटीभर पाण्यातून त्या माणसाचं सगळं आयुष्य वर येत होतं. झाडाखालची दोन मुलं. मोडक्या घरात तिला छातीशी धरून बसलेला तो. काठीतून निघालेली रुपेरी हरिणी. इतकी वर्षं मनात धरलंस का, असं विचारल्यावर त्याने दिलेलं एका शब्दाचं उत्तर. स्नेपचं काम करणारे अॅलन रिकमन २०१६ च्या जानेवारीत गेले तेव्हा मी पुन्हा त्या एका शब्दाकडे गेलो. लेखिका रोलिंगबाईंनी स्नेपच्या मनातलं गुपित त्यांना फार आधी थोडंसं सांगून ठेवलं होतं, असं नंतर वाचलं. म्हणजे एवढी वर्षं तेही ते सांभाळत होते, आणि पडद्यावर एकदाही सांडू दिलं नाही.

उस्तादांनी माझा हात धरला. म्हणाले, “ये मास्टर तो अच्छा निकला.” मी हो म्हटलं. पुढे मला बोलायचं होतं. विसाव्या जोडाबद्दल, त्या रात्रीबद्दल. बोलता आलं नाही. पडद्यावर हॅरी जंगलाकडे निघाला होता आणि त्यांना पुढचं सांगायचं होतं.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा पैसे देणाऱ्यांसारखा बसून अख्खा सिनेमा पाहिला. एकशे तीस मिनिटं. आठांतला सगळ्यांत छोटा भाग हा. शेवटी एकोणीस वर्षांनंतरचा प्रसंग येतो. तीच मुलं आता आई-बाप झालेली, स्टेशनवर आपल्या मुलांना गाडीत बसवून देताहेत. हा प्रसंग आधी लंडनच्या खऱ्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर चित्रित केला होता. मनासारखा उतरला नाही म्हणून २०१० च्या डिसेंबरात लीव्हस्डेनच्या स्टुडिओत पुन्हा केला. विसावा जोड पुन्हा लावायला सांगणारं तिथेही कुणीतरी होतं तर, असं ते वाचताना मनात आलं. दिवे लागले तरी पोरं उठेनात. नावं संपेपर्यंत बसून राहिली. झाशीत नावं कोण बघतं? चाचा दार उघडून उभे होते, त्यांनीही कुणाला हटकलं नाही.

उरलेले सत्तावीस शो मी केबिनमधूनच पाहिले. रोज चार वेळा ती गाडी निघायची. गुरुवारी रात्री शेवटचा शो संपला, शुक्रवारी सकाळी सिंघमचा फलक चढला.

रविवारी मुलीला झेलम एक्स्प्रेसने पुण्याला जायचं होतं. आईने डबा दिला, आजीने हातावर दही ठेवलं. पावसाने फलाट ओला होता. मी तिची ट्रंक बर्थखाली सरकवली, साखळी लावली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिलो. दोघांनाही काय बोलावं कळत नव्हतं. मग तिने विचारलं,

“बाबा, मध्यंतर तिथे तुम्ही केलं ना? आगीनंतर?”

“तुला कसं कळलं?”

“ग्वाल्हेरला मैत्रिणीने पाहिला. तिकडे स्नेप मेल्यावर केलं. ती म्हणाली, सगळे चहा प्यायला उठले आणि परत आले तेव्हा निम्म्या आठवणी होऊन गेल्या होत्या.”

मी म्हटलं, “हो, मीच हलवलं.”

तिने गजांतून हात बाहेर काढून माझा हात धरला. सिग्नल झाला होता. गाडी हलली तेव्हा मी चार पावलं बरोबर चाललो, मग खांब आला.